कढईतल्या दोन खुणा

शैला,

बारा दिवसांपूर्वी, रविवारी संध्याकाळी गच्चीवर तुझी शोकसभा झाली. सतरंज्या, उदबत्ती, हार घातलेला तुझा तो रागावलेला फोटो, आणि गणपतीत भाड्याने आणतात तोच माईक. आपले चेअरमन उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, “शैलाताई म्हणजे आपल्या सोसायटीची साक्षात अन्नपूर्णा!”

मला हसू आवरेना. मी पदर तोंडाला लावला. शेजारच्या बाईंना वाटलं हुंदका आला, त्या माझी पाठ थोपटायला लागल्या. मी थोपटू दिली. स्वयंपाकघरातून लवकरात लवकर बाहेर कसं पडावं याचा जिनं जन्मभर अभ्यास केला, ती अन्नपूर्णा! तू असतीस तर उठून विचारलं असतंस, “चेअरमनसाहेब, तुम्ही आमच्याकडे जेवलात कधी?”

मग सेक्रेटरींनी दुखवट्याचा ठराव वाचला आणि दोन मिनिटं शांतता पाळायची ठरली. दीड मिनिटाच्या सुमाराला टाकी भरून पाणी गच्चीवर वाहायला लागलं आणि सेक्रेटरी पंप बंद करायला धावले. तुझ्यासाठीची शांतता अर्धं मिनिट कमी पडली. तुझी काही तक्रार नसेल याची मला खात्री आहे. तुला कुठलीही गोष्ट लवकर आटोपलेली आवडायची.

हसायचं तेवढंच. जिना उतरताना आक्कांनी, म्हणजे तुझ्या नणंदेनं, रमाकांतभाऊंच्या थोरल्या बहिणीनं, मला कठड्याशी थांबवलं. तू गेल्याची तार मिळाल्याबरोबर त्या कुडाळहून आल्या, तेव्हापासून तुझं घर त्याच सांभाळत होत्या. म्हणाल्या, “शनवारच्या येष्टीन मी जातंय. चेडवाक घेवन जातंय.”

“वैशूला? आणि तिची शाळा?”

“शाळा गावात पण आसा. हयसर घरात बाईमाणूस नाय. बापूस कामार जातलो. ता काय खातला?”

रमाकांतभाऊ दोन पायऱ्या वर उभे होते. त्यांना ऐकू गेलं होतं. वैशू त्यांचा हात धरून उभी होती, तिलाही ऐकू गेलं होतं. आणि माझ्याकडे, जिला प्रत्येक गोष्टीवर मत असतं असं तू म्हणायचीस, उत्तर नव्हतं. कारण प्रश्न बरोबर होता. चौथीतली पोर, आई नाही, बाप सातनंतर कामावरून येणार. रात्री ती काय खाणार?

या प्रश्नाचं उत्तर तू पाच वर्षांपूर्वीच तयार करून ठेवलं होतंस. तुला तेव्हा ते माहीत नव्हतं आणि मला तर ते उत्तर आहे हेच कबूल नव्हतं.

आठवतं, आपली ओळख कशी झाली? समोरासमोर दारं असून वर्षभर आपण एकमेकींना फक्त ‘पाणी आलं का’ एवढंच विचारत होतो. मग महिला मंडळानं हळदीकुंकवाला पाककृतीचं प्रात्यक्षिक ठेवलं. त्यासाठी शहरातून कोणी तज्ज्ञ बाई आणल्या होत्या. रेशमी साडीवर लेसचा ॲप्रन. विषय ‘झटपट इटालियन भोजन’. त्यांनी एका पातेल्यात डावानं ढवळत मॅकरोनी उकळली, ती चाळणीत ओतली, दुसऱ्या पातेल्यात पांढरं सॉस केलं, तिसऱ्यात भाज्या वाफवल्या, सगळं काचेच्या भांड्यात रचलं, वर चीज किसलं आणि ते भांडं गोल ओव्हनमध्ये ठेवलं. सगळ्या बायका ‘अय्या’ म्हणत वहीत उतरवून घेत होत्या. मागच्या रांगेतून तू बोटांवर मोठ्यानं मोजत होतीस. चाळणीला तीन म्हणालीस तेव्हा पुढच्या दोघींनी वळून पाहिलं. किसणीला सात.

“कुणाला काही शंका?” बाईंनी विचारलं.

तू उभी राहिलीस. “बाई, ही भांडी घासायला तुमच्याकडे कोण येतं?”

“आमची गंगू येते,” बाई हसून म्हणाल्या. “का?”

“नाही, आमच्याकडे मीच येते.”

त्यानंतर टाळ्या झाल्या नाहीत, पण मी मागे वळून तुझ्याकडे पाहिलं. जिना चढताना मी म्हटलं, “तुम्ही छान बोललात.” तू म्हणालीस, “तुम्ही काय गं, तू म्हण. आणि तो पदार्थ वाईट नाही हां. त्या बाईनं उगाच त्याची वरात काढली.”

दुसऱ्याच दिवशी तू वाण्याकडून मॅकरोनी आणलीस, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझं दार वाजवलंस. “सुधा, जरा ये. बघ हे काय झालंय.” तुझ्या ओट्यावर पातेलं होतं आणि पातेल्यात खळ. सकाळी कामावर जाताना तू मॅकरोनी पाण्यात भिजत घालून गेली होतीस. वालासारखी. दहा तास.

मी विचारलं, “मोड यायची वाट बघत होतीस का?”

“हसू नको. वाल भिजत घालतो, चवळी भिजत घालतो. कोरडं कडक काही दिसलं की रात्री नाहीतर सकाळी भिजत घालायचं, एवढंच आईनं शिकवलंय. हे कडक होतं.”

फेकून देणं तुझ्या स्वभावात नव्हतं. तू त्या खळीत तांदळाचं पीठ, मिरची, कांदा घातलास आणि घावणे काढलेस. वैशू तेव्हा चार-साडेचार वर्षांची. तिनं तीन खाल्ले. इटलीतल्या लोकांना हा पदार्थ अजून माहीत नसावा.

इथून आपलं ते भांडण सुरू झालं. मी ऑफिसच्या लायब्ररीतून पाककृतींचं जाड पुस्तक आणलं आणि तुला मोठ्यानं मराठी करून वाचून दाखवलं. भरपूर उकळत्या पाण्यात टाका, दाताला किंचित लागेल एवढीच शिजवा, आणि पाणी ओतून द्या.

“दाताला लागायला ती काय सुपारी आहे?”

“पुस्तकात असं लिहिलंय.”

“आणि पाणी ओतून द्यायचं? त्यात सगळं पीठ उतरलेलं असतं. पेज कोण मोरीत ओतता गो?” चिडलीस की तू मालवणीत जायचीस. “त्या पुस्तकवाल्यांच्या घरी गॅसचा नंबर लावावा लागत नसेल. इथे सिलिंडर संपला तर वीस दिवस रॉकेलवर. एक उकळ पाण्यासाठी, एक सॉससाठी, वर ओव्हन. बाईसाहेब, एका आचेत बसवायचं बघा.”

आणि तू बसवलंस. जर्मनची पसरट कढई. तेलावर ठेचलेला लसूण, कांदा, टोमॅटो, घरचा मसाला चमचाभर, मीठ, मग कोरडी मॅकरोनी, ती बुडेल एवढं पाणी, वर ताटली आणि त्या ताटलीत पाणी. हे ताटलीतलं पाणी मला फार आवडलं होतं, पण मी ते तुला सांगितलं नाही. वांग्याच्या, फरसबीच्या भाजीला आपल्या आज्या झाकणावर पाणी ठेवत आल्या; ते मॅकरोनीवर ठेवायचं कुणाला सुचलं नसतं. खाली कोरडं पडतंय असं वाटलं की वरचं कढत पाणी आत सोडायचं. वेगळं उकळायला नको, ओतून द्यायला नको, चाळण नको. शेवटी कोथिंबीर. तुमच्याकडे भाजलेला जवळाही. सात दहाला कुलूप काढायचं, सात चाळीसला ताटल्या. घासायला एक कढई, एक डाव, एक ताटली.

मी तरी म्हणत राहिले की हे शास्त्रशुद्ध नाही, गिचका होतो. तू म्हणत राहिलीस की गिचका झाला तर चावायचा वेळही वाचतो.

मग गिरणी बंद पडली. रमाकांतभाऊ घरी बसले. तुला मात्र तुझ्या औषधकंपनीच्या पॅकिंगमध्ये ओव्हरटाइम करावा लागायला लागला. भाऊ सकाळचं वर्तमानपत्र नावापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचायचे. तसे ते आळशी नव्हते. पाणी भरायचे, रॉकेलच्या रांगेत उभे राहायचे, वैशूला शाळेतून आणायचे, तिची वेणीसुद्धा घालायला शिकले होते, जरा वाकडी. पण शेगडीपाशी नाही. पुरुषानं तिकडे जायचं नाही असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच कधी आली नव्हती. तू आठला यायचीस आणि चप्पल काढताकाढता कांदा चिरायला घ्यायचीस.

माझ्यातली पुस्तकं वाचलेली बाई खवळली. मी तुला जिन्यात गाठून व्याख्यान दिलं. “त्यांना स्पष्ट सांग, शैला. घर दोघांचं, स्वयंपाक दोघांचा. हे तत्त्व आहे.”

“तत्त्व सांगितलं तर तो माणूस जेवणच सोडेल.”

“म्हणून तू मरायचं?”

“थांब गं. भाकरी थापा म्हटलं तर त्यांची आई डोळ्यांसमोर उभी राहणार. भात लावा म्हटलं तर आक्का. प्रत्येक पदार्थामागे कोणीतरी बाई उभी आहे, आणि ती म्हणणार, पुरुष असून हे काय करतोस, आणि चुकीचं करतोस. मॅकरोनीच्या मागे कोण आहे? कोणी नाही. तिला सासू नाही, सुधा. आमच्यात असं करत नाहीत, असं म्हणायला कोणाची छाती होणार नाही, कारण आमच्यात ती करतच नाहीत.”

मी म्हटलं ही फसवाफसवी आहे. तू म्हणालीस, “बघच तू.”

तू काय केलंस, तर एका संध्याकाळी कढई त्यांच्या पुढ्यात ठेवलीस. गिरणीत फिटर असलेल्या माणसापुढे. “हिच्यात पाणी किती घालायचं ते माझं दर वेळी चुकतं. कधी पातळ होतं, कधी लागतं. काहीतरी करून द्या ना.” धादांत खोटं. तुझं पाणी कधी चुकलं नव्हतं. पण भाऊंनी कढई उजेडाकडे धरून फिरवली, जशी काही ती मापात नसल्याची त्यांना आधीपासून शंका होती. दोन संध्याकाळी त्यांनी पेल्यानं पाणी मोजून पाहिलं, शिजवून पाहिलं, तुला चव घ्यायला लावली, आणि मग खिळ्यानं आतल्या बाजूला दोन आडव्या खुणा कोरल्या. खालची तीन माणसांची, वरची सहांची. तुम्ही तिघं, आणि सहा म्हणजे तुम्ही तिघं नि आम्ही तिघं.

खूण करणाऱ्याला खूण वापरून बघायची असतेच. तिसऱ्या दिवशी तू आठला आलीस तेव्हा ताटल्या मांडलेल्या होत्या. तू माझ्या दारावर टकटक केलीस आणि नुसत्या भुवया उडवल्यास.

“उद्या ते भात लावणार आहेत का?” मी विचारलं.

“उद्याचं उद्या. आज गुरुवार आहे.”

मग मंगळवारी आमच्याकडे आणि गुरुवारी तुमच्याकडे, ही पद्धत पडली. गुरुवारी वरच्या खुणेपर्यंत पाणी. आम्ही शाकाहारी, म्हणून आमचं आधी काढून ठेवायचं, मग तुमच्यात जवळा. तीच कढई आदल्या आठवड्यात जवळ्यालाही वापरलेली असायची, पण याबद्दल माझ्या सासूबाईंनी कधी विचारलं नाही आणि आपण कधी सांगितलं नाही. त्यांची तक्रार वेगळीच होती. पहिल्या गुरुवारी त्यांनी ताटलीभर मॅकरोनी खाल्ली, बोटं पुसली आणि म्हणाल्या, “हं. आता जेवायला वाढा.” त्यानंतर कित्येक महिने त्या तेच म्हणत होत्या, आणि तू दर वेळी “वाढते हां” म्हणून त्यांना केळं द्यायचीस.

आमच्याकडे, तत्त्वाच्या घरात, काय झालं? माझे यजमान अजून चहा करताना साखर कुठे आहे ते विचारतात. हे मी तुझ्यापुढे कधी कबूल केलं नसतं. तू विचारलंही नाहीस. माझ्याकडे फक्त एक मुद्दा शिल्लक होता. वर्षभरानं भाऊंना चेकनाक्यापलीकडच्या एका गाळ्यात काम मिळालं, तरी गुरुवारची कढई त्यांचीच राहिली. पण त्यांनी भात काही कधी लावला नाही. मी हा मुद्दा दर दोन महिन्यांनी काढायचे. तू म्हणायचीस, “लावतील गं. त्याला सासू आहे ना, वेळ लागतो.” मग तुझे डोळे पिवळे दिसायला लागले, आणि तो वाद तिथेच राहिला.

आता शोकसभेनंतरच्या गुरुवारचं सांगते.

सवयीनं सातला मी तुमच्या दारात गेले. हातात काही नव्हतं. जायचं कशाला तेही मला माहीत नव्हतं. आक्का विळीवर बसून नारळ खवत होत्या. पलीकडे त्यांची पिशवी भरून ठेवलेली, आणि त्या पिशवीवर वैशूचे दोन फ्रॉक घडी करून ठेवलेले. ते फ्रॉक मी पाहिले आणि मला वाटलं, झालं, संपलं. वैशू खिडकीत पाठमोरी बसली होती. दोन आठवडे ती ताटात नुसती बोटं फिरवत होती. आक्का चांगला स्वयंपाक करतात, त्यांच्या मायेत तसूभर खोट नाही. पण पोरीच्या घशाखाली उतरत नव्हतं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. “काकी, आज गुरुवार आहे ना?”

तेवढ्यात भाऊ कामावरून आले. त्यांनी ते ऐकलं. हातपाय धुतले, आत गेले, आणि भिंतीवरच्या खुंटीची कढई काढली. तू हॉस्पिटलात गेलीस त्या दिवसापासून ती तिथे टांगलेली होती. त्यांनी ती पुसली.

“काय करतंस रे?” आक्कांनी विचारलं.

“जेवण.”

“तू?”

“आक्का, बस गो तू.” मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. “सुधाताई, धरा.” सुरुवातीला तू अशीच घड्याळ धरून दारात उभी राहायचीस, शर्यत लावल्यासारखी. मी ते धरलं.

कांदा त्यांनी तसाच चिरला, जाड, मोजूनमापून, नटबोल्ट असल्यासारखा. जवळा भाजून वाटीत काढला. लसूण, टोमॅटो, मसाला. हा सगळा वेळ आक्का विळीवरून न उठता बघत होत्या, ओठ मिटून. दोनदा त्यांचा हात पुढे झाला आणि दोनदा त्यांनी तो मागे घेतला. भाऊंनी मॅकरोनी टाकली, कढई जरा तिरकी करून उजेडात पाहिली आणि खालच्या खुणेपर्यंत पाणी घातलं. तिघांचं. वर ताटली ठेवली आणि ताटलीत पेलाभर पाणी ओतलं.

तेव्हा मात्र आक्कांना राहवेना. “झाकणार पाणी ठेवक कोणी शिकयल्यान तुका?”

“शैलान.”

दोन आठवड्यांत त्यांच्या तोंडून तुझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. शोकसभेत चेअरमननी ते सतरा वेळा घेतलं होतं, शैलाताई, शैलाताई, पण ते कुणा दुसऱ्याच बाईचं वाटत होतं. कुठेतरी बघायचं म्हणून मी घड्याळाकडे बघत राहिले. वैशू खिडकीतून उतरून ओट्यापाशी आली होती आणि ताटलीतल्या पाण्यावर वाफ धरताना बघत होती.

सव्वीस मिनिटं. तुझ्या अर्ध्या तासापेक्षा चार मिनिटं लवकर.

तीन ताटल्या भरल्या. माझ्यासाठी जवळा घालण्याआधी वाटीत थोडं काढलेलं होतं. मला आठवण करून द्यावी लागली नाही. वैशू खायला लागली. बघत होतो आम्ही तिघंही, आणि तिघंही बघत नसल्याचं दाखवत होतो. तिनं ताटली संपवली आणि पुढे केली. भाऊंनी कढईतलं खरवडून तिला वाढलं.

आक्का सावकाश खात होत्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, कारण शनिवारची एसटी त्या तोंडात होती. त्यांनी घास गिळला. विचार केला. आणि म्हणाल्या,

“खोबरा घालूक व्हया होता.”

शैला, मी अक्षरशः भिंतीला टेकले. अगं, तुझ्या मॅकरोनीला सासू मिळाली! पाच वर्षं बिनसासूची मिरवणारी ती इटलीची बया, आज तिला कुडाळची सासू मिळाली आणि ती घरातली झाली. कुणी पाहुणीला म्हणत नाही की यात खोबरं हवं होतं.

“शैला नव्हती घालत,” भाऊ म्हणाले.

“शैला घाली नाय, म्हणान तू घालू नको असा कोणी सांगल्यान?” आणि मघाशी खवलेल्या नारळाची वाटी त्यांनी त्यांच्याकडे सरकवली. मग वैशूकडे वळल्या. “काय गो, तुका हयसरच रवाचा आसा?”

इथेच राहायचंय का तुला, एवढाच प्रश्न. आम्हा मोठ्यांपैकी कुणी तो पोरीला विचारला नव्हता. तोंडात घास होता, म्हणून तिनं नुसती होकाराची मान हलवली. पण अशी हलवली की वेणी पुढे आली.

आक्कांनी ती वेणी हातानं मागे सारली. त्यांनाही ती हवी होती, शैला, हे मला तेव्हा कळलं. निव्वळ कर्तव्य म्हणून त्या तिला नेत नव्हत्या. शेवटी उठून त्यांनी पिशवीवरचे फ्रॉक उचलले आणि कपाटात ठेवले. म्हणाल्या, “मगे आधी ह्याका भात शिकवक व्हयो. रोज काय ह्या नळयो खातलास?”

शनिवारची एसटी गेली, आक्का गेल्या नाहीत. त्यांनी बुधवारपर्यंत राहून भावाला भात, कुळथाची पिठी आणि माशाची कढी शिकवली. तीन दिवस तुमच्या घरातून आरडाओरडा ऐकू येत होता. “अरे, तांदूळ धुवचे असतत, घासूचे नाय!” पहिला भात करपला, दुसरा कच्चा राहिला, तिसरा भाऊंनी मला आणून दाखवला. म्हणजे माझा मुद्दाही निकालात निघाला. माणूस भात लावू शकतो. पण त्याआधी त्याच्या हातात कढई द्यावी लागते, हे तुझं. वाद बरोबरीत सुटला असं मी म्हटलं असतं, आणि तू म्हणाली असतीस, “बरोबरीत काय गं? साफ हरलीस.” ठीक आहे. हरले.

हरलेच आहे तर दुसरंही सांगून टाकते. पाण्याचं. मंगळवारी आमच्याकडे मी मॅकरोनी वेगळी उकळते, पुस्तकाप्रमाणे पाणी ओतून देते, असं तुला सांगत आले. मी ओतून देत नाही. गेली तीन वर्षं मी तुझ्याच पद्धतीनं करते, झाकणावर पाणी ठेवून. पहिल्यांदा उशीर झाला होता म्हणून केली, आणि ती चांगली लागली, आणि तुला सांगायला जीभ वळली नाही. मला वाटायचं तुला पत्ता नाही. परवा मोरीत भांडी लावताना लक्षात आलं की जेवण झालं की तू दर मंगळवारी ताटली ठेवायला आत यायचीस आणि मोरीत एक नजर टाकायचीस. तिथे चाळण कधीच नसायची. सात भांडी मोजणाऱ्या बाईला एक चाळण कमी आहे हे कळलं नसेल? तीन वर्षं तू ते पाहिलंस आणि बाहेर येऊन म्हणायचीस, “आज पुस्तकाची छान झालीय हां, सुधा.” मला वाटायचं ती तारीफ आहे.

आता पाणी ओतून देण्याबद्दल मी कुणाशी भांडू? दुसरं कुणी एवढं मनापासून चुकीचं बोलत नाही. म्हणजे बरोबर बोलत नाही. बघ, अजून जीभ वळत नाही.

आक्का गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, गुरुवारी, भाऊ माझ्या दाराशी आले. एका हातात कढई, दुसऱ्या हातात खिळा. “सुधाताई, एक विचारायचं होतं.” कढई त्यांनी माझ्यापुढे तिरकी धरली. आतल्या दोन खुणा घासून घासून चकचकीत झाल्यात. “तिघांची आहे, सहाची आहे. दोघांची नाही. कुठे करू?”

मी त्या खालच्या खुणेकडे बघत राहिले. त्या खुणेखाली कोरी जागा होती, दोन बोटांची. समोर तुमच्या घरात वैशू पाढे म्हणत होती. या दोन महिन्यांत तिचा फ्रॉक गुडघ्याच्या वर गेलेला मी पाहिला होता, आणि मागच्या गुरुवारी तिनं दोनदा घेतलं होतं.

“करू नका,” मी म्हटलं. “ती वाढीला लागलीय. पाऊस संपेपर्यंत दोघांना तिघांचं लागेल.”

भाऊंनी कढई एकदा उजेडात फिरवली, हिशोब बरोबर आहे का ते बघितल्यासारखी. मग खिळा खिशात टाकला आणि कांदा चिरायला आत गेले.